स्विफ्टला बजेटमध्ये टर्बो: १४ महिने चालवल्यावरचा रिव्ह्यू

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. २००८ ची पेट्रोल स्विफ्ट, १.३ चं जी१३ इंजिन, कंपनीचा आकडा ८७ बीएचपी आणि ११३ एनएम. बाबांनी नवी घेतलेली, ९२ हजार किलोमीटर झालेले, आणि विकायचा विषय निघाला की घरात सगळे गप्प. मला ती विकायची नव्हतीच, मला ती पळवायची होती. बजेट ठरवलं एक लाख. खर्च किती झाला ते खाली सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो की एक लाखात नीट टर्बो बसत नाही, आणि जो बसवून देतो म्हणतो त्याला फक्त एकच विचारा, पेट्रोल वाढवणार कसं?

कारण सगळा खेळ तिथेच आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबायचा पंप, तो भंगारातही मिळतो. पण हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढायला पाहिजे आणि स्पार्क थोडा उशिरा पडायला पाहिजे. कंपनीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, बूस्ट (टर्बोने चढवलेला जादा दाब) नावाचा प्रकारच माहीत नाही. त्याचा मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, हवेच्या नेहमीच्या दाबापर्यंत मोजतो आणि तिथेच थांबतो, वर तुम्ही ०.४ बार द्या नाहीतर १ बार द्या, त्याला सगळं सारखंच दिसतं. मग मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉकिंग सुरू होतं, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी आपोआप भडकतं, आणि टर्बोच्या आवाजात ते नॉकिंग ऐकूसुद्धा येत नाही. पिस्टनची कड फुटते तेव्हा कळतं.

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पहिले ३२ हजार वाचले असते. ऑनलाइन एक 'युनिव्हर्सल टर्बो किट' घेतलं होतं, बिनब्रँडचं, फोटोत एकदम चकाचक. टर्बो, इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा), ब्लो ऑफ व्हॉल्व्ह (पाय उचलला की जादा दाब सोडणारा), सिलिकॉनचे होज, क्लॅम्प, सगळं एका खोक्यात. टर्बो निघाला टी३/टी४ साइझचा, म्हणजे दोन लिटरच्या इंजिनाला शोभेल असा. १.३ वर असला टर्बो बसवला तर साडेचार हजार आरपीएमपर्यंत गाडी पहिल्यापेक्षा मंद आणि नंतर एकदम धक्का, शहरात वापरायची गाडी असेल तर तो धक्का काही कामाचा नाही. वर शाफ्ट बोटांनी धरून हलवला तर कॉम्प्रेसरचं पातं घराच्या भिंतीला टेकत होतं, नवा कोरा, एकदाही न फिरलेला टर्बो! तेल नसताना शाफ्ट जरासा आडवा हलणं चालतं, पण पातं कुठेही टेकता कामा नये, आणि पुढे-मागे तर जवळजवळ हलूच नये. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. त्या किटातला फक्त इंटरकूलर आणि ब्लो ऑफ व्हॉल्व्ह वापरला, बाकीचं अजून पोटमाळ्यावर पडलंय.

दुसरा टर्बो शोधायला कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो. तिथे डिझेलचे टर्बो ढिगाने मिळतात, स्वस्तही असतात, आणि दुकानदार म्हणतो "भाऊ, टर्बो तो टर्बो". तसं नसतं. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो, पेट्रोलचा जोरात चालवल्यावर ९०० डिग्रीच्या वर जातो, आणि डिझेलसाठी ओतलेलं टर्बाइनचं घर त्या तापमानात कधी तडकेल सांगता येत नाही. लोक लावतात, काहींचे चालतातही, पण मी नाही लावला. मला के०३ नावाचा टर्बो मिळाला, जुन्या १.८ टर्बो पेट्रोल ऑक्टाव्हियाचा, १४ हजारात. त्याचं मधलं कार्ट्रिज (शाफ्ट आणि बेअरिंगचा भाग) नवीन टाकलं, ९ हजार. छोटा टर्बो, पेट्रोलसाठीच बनलेला, १.३ ला अगदी बरोबर. ह्या निवडीवर मी आजही खूश आहे.

मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोला जोडणारा भाग, भोसरीत एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडून बनवून घेतला, जाड भिंतीचे स्टीम पाइपचे बेंड वापरून, लॉग टाइप, १६ हजार. चकचकीत स्टेनलेसचा लांब नळ्यांचा दिसायला भारी असतो पण पातळ पाइप असेल तर टर्बोच्या वजनाने वेल्ड तडकतात. काकांनी फ्लँज वेल्डिंगनंतर परत मशीनवर घासून सपाट करून दिली, मी न सांगता, कारण वेल्डच्या उष्णतेने ती वाकते आणि मग गॅस्केट दर महिन्याला उडतो. अशी माणसं सापडली की जपा राव. काम एक नंबर, १४ महिन्यांत एक तडा नाही.

आता दुखणं. बसवण्याचं काम ज्या गॅरेजला दिलं त्यांनी ऑइलच्या रिटर्न लाइनची वाट लावली. टर्बोला तेल दाबाने जातं, ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी टाकून लाइन काढतात, ते सोपं आहे. पण परत येताना तेलाला ढकलणारं काहीच नसतं, ते फेसाळलेलं असतं आणि फक्त उतारानेच खाली येतं. म्हणून रिटर्नचा पाइप जाड पाहिजे, सरळ उतरता पाहिजे, आणि चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) जिथे जोडतो ती जागा तेलाच्या पातळीच्या वर पाहिजे. ह्यांनी बारीक होज घेतला, तो एका ब्रॅकेटला वळसा घालून मध्येच लोंबत ठेवला आणि चेंबरला खाली जोडला. तिसऱ्या दिवशी चांदणी चौकात सिग्नलला उभा होतो, आरशात बघितलं तर मागे निळा धूर, एवढा की मागच्या रिक्षावाल्याने रिक्षा वळवून बाजूला घेतली. पोटात गोळाच आला. गॅरेजवाल्यांनी लगेच निदान सांगितलं, टर्बो गेला, नवीन घ्या. मी ऐकलं नाही, घरी आणून कॉम्प्रेसरचा पाइप काढला, शाफ्टला हात लावला, तर शाफ्ट घट्ट. टर्बो गेलाच नव्हता, परत जायला वाट नाही म्हणून तेल सीलमधून बाहेर येत होतं. दोन शनिवार-रविवार घालवून चेंबर उतरवला, काकांकडून वर नवीन बंग (पाइप जोडायचं तोंड) वेल्ड करून घेतला, १९ एमएमचा होज सरळ खाली सोडला, आणि धूर त्याच दिवशी बंद, तो आजपर्यंत. तुमच्या टर्बोतून निळा धूर आला तर नवीन टर्बोचे पैसे द्यायच्या आधी खाली वाकून रिटर्नचा पाइप बघा.

ईसीयू घेतला स्पीडुइनो. ओपन सोर्स आहे, अर्डुइनो मेगावर चालतो, लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ लावून सगळे टेबल स्वतः बदलता येतात. बोर्ड, वायरिंग, नवीन मॅप सेन्सर, तापमानाचे सेन्सर धरून २८ हजार पडला. ह्याचा वेगळा रिव्ह्यू लिहावा एवढं बोलण्यासारखं आहे. चांगलं म्हणजे ह्या किमतीत एवढा कंट्रोल दुसरीकडे मिळत नाही. त्रास म्हणजे कंपनीच्या ईसीयूत जे आपोआप होतं ते इथे तुम्हाला बसून शिकवावं लागतं, थंडीत सकाळी स्टार्ट होणं, एसी लावला की आयडल न पडणं, फॅन कधी लागायचा, सगळं. पहिला महिना सकाळी तीन-तीनदा स्टार्टर मारायला लागायचा. ज्याला लॅपटॉप घेऊन गाडीत बसायची आवड नाही त्याने हा घेऊ नये, सरळ सांगतो.

वाइडबँड मीटर, म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा, १७ हजार, त्यात बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर. कंपनीचा साधा ऑक्सिजन सेन्सर फक्त रिच की लीन एवढंच सांगतो, किती ते नाही, आणि बूस्टमध्ये 'किती' हेच तर पाहिजे असतं. आता पंपावर ई२० पेट्रोल आहे, त्याचं हवा-पेट्रोलचं बरोबरचं प्रमाण (एएफआर) १४.७ नाही तर साधारण १३.५ ला येतं, त्यामुळे मीटर एएफआरवर न ठेवता लॅम्डावर ठेवा (१ म्हणजे अगदी बरोबर, त्याच्या खाली रिच), मग पेट्रोलमध्ये काय मिसळलंय त्याने गोंधळ होत नाही. बूस्टमध्ये मी ०.८० च्या आसपास ठेवलाय. ई२० मुळे पेट्रोलही जास्त लागतं म्हणून इंजेक्टर निवडताना हात सैल ठेवा. माझा हिशोब सोपा होता, १२० हॉर्सपॉवरला चार इंजेक्टर, ८० टक्क्यांच्या वर उघडायचे नाहीत, म्हणजे एकेक किमान २४० सीसीचा, मी ३०० च्या वरचे घेतले, ८ हजार. गाडीतला फ्युएल पंप साडेचार हजार.

आणि डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या मशीनवर, ट्यूनिंग, २५ हजार. लोक इथे हात आखडतात, "रस्त्यावर चालवत चालवत करू" म्हणतात. नका करू. रात्री नऊला सुरू केलं, पहाटे दोनला संपलं. ट्यूनर कानाला हेडफोन लावून बसलेला, त्याची वायर ब्लॉकला लावलेल्या नॉक सेन्सरला जोडलेली, आणि प्रत्येक पुलनंतर (फुल थ्रॉटलवर एकदा ओढल्यावर) एक-दोन डिग्री स्पार्कचं टायमिंग मागे घ्यायचा, परत पुल, परत ऐकायचा. एकदा त्याने मला हेडफोन दिला. ४,२०० च्या जवळ बारीक टिकटिक, जशी चण्याच्या कढईत पहिले दोन-तीन दाणे तडतडतात तशी. गाडीत बसून हे कधीच ऐकू आलं नसतं. दोन डिग्री मागे, टिकटिक बंद. त्या आवाजासाठी २५ हजार दिले असं मी धरतो, आणि ते मला स्वस्त वाटतात.

बूस्ट ०.४५ बार, त्याच्या वर नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड सगळं कंपनीचं आहे. चाकाला आधी ७१ हॉर्सपॉवर होती, आता ९७. आकडा छोटा वाटेल, पण २,८०० पासून जोर येतो आणि मधल्या रेंजमध्ये गाडीच वेगळी आहे. खंबाटकी चार माणसं, सामान आणि एसी लावून तिसऱ्यात चढली, आधी दुसऱ्यात कण्हत चढायची. बाबा शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत, वर पोचल्यावर फक्त "परत उतरून परत चढायची का?" म्हणाले.

इंटरकूलरबद्दल एक गोष्ट, कारण "एवढ्या बूस्टला नाही लागत" असं बरेच जण म्हणतात. बाहेर ३५ डिग्री असताना टर्बोमधून निघालेली हवा मला ८४ दिसली, इंटरकूलरनंतर ४६. नागपूरला मे महिन्यात काय होईल विचार करा. लागतोच. फक्त पाइपच्या टोकाला बीड (होज अडवणारी उंचवट्याची कड) काढून घ्या, माझा होज कात्रजच्या बोगद्यात सुटला तेव्हा पाइप गुळगुळीत होता.

बाकीचं भराभर. क्लच पहिल्याच आठवड्यात स्लिप झाला, १२ हजार. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि सायलेन्सर १४. इंटरकूलरचे पाइप, होज, चांगले क्लॅम्प ७. ऑइल लाइन ५. गॅस्केट, प्लग वगैरे ४. प्लग एक नंबर थंड टाका, एनजीकेमध्ये ६ चा ७ म्हणजे थंड, आणि गॅप ०.७ च्या आसपास ठेवा नाहीतर बूस्टमध्ये स्पार्क विझून मिसिंग मारते. टोटल १,६३,५००, आणि पोटमाळ्यावरचं किट धरलं तर १,९५,५००. त्यात टर्बो फक्त २३ हजारांचा. ईसीयू, मीटर, इंजेक्टर, पंप आणि ट्यूनिंग मिळून ८२,५००, म्हणजे अर्धा खर्च. बजेट कापायचंच असेल तर आवाजात कापा, दिसण्यात कापा, ह्या अर्ध्यात नको. आणि सगळ्याच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी दाखवत असेल तर पहिले पैसे इंजिनात घाला.

कायद्याचं लपवणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात. हे डोळ्यासमोर ठेवून ठरवा. ज्याला फक्त वेग पाहिजे त्याने ह्याच दोन लाखांत अजून पैसे घालून जुनी पोलो टीएसआय किंवा बलेनो आरएस बघावी, टर्बो कंपनीनेच बसवलेला, वॉरंटी संपली असली तरी डोक्याला ताप नाही. मी ही सुचवतो आणि मनापासून सुचवतो. मला मात्र हीच गाडी पाहिजे होती.

१४ महिने, ११ हजार किलोमीटर. शहरात अॅव्हरेज १५ चं साडेबारा झालं. तेल दर ५ हजारला बदलतो, घाटातून आलो की बंद करायच्या आधी एक मिनिट आयडलला ठेवतो, आता आई पण गाडी घेऊन आली की तेवढा वेळ चावीला हात लावत नाही. पुढच्या महिन्यात ऑइल टेम्परेचरचा मीटर लावतोय, लावल्यावर आकडे इथेच टाकतो.