रॅकूनचं पिल्लू घरी वाढवायचं की पुनर्वसन केंद्रात द्यायचं?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मैत्रिणीच्या माळ्यावर रॅकूनची, म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेल्या तिथल्या एका रानटी प्राण्याची पिल्लं सापडली. ती विचारते, घरीच वाढवू का? आधी एक रात्र थांब. आई बरेचदा अंधारात येऊन पिल्लं दुसरीकडे हलवते. नाहीच आली, तर मग दोन पर्याय: घरी वाढवणं, किंवा अनाथ वन्यप्राणी सांभाळून परत जंगलात सोडणारं पुनर्वसन केंद्र.

खर्च: केंद्रं सहसा शुल्क घेत नाहीत, देणगी मात्र जरूर द्यावी. घरी दूध, पिंजरा, पशुवैद्य सगळं आपलंच. शिवाय गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात.

धोका: खरा फरक इथे आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात रॅकून हे रेबीजचे प्रमुख वाहक आहेत. त्यांच्या विष्ठेतल्या गोलकृमीची अंडी पोटात गेली, तर अळ्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. आणि पिल्लू चावलं, तर रेबीजच्या तपासणीसाठी बहुधा त्यालाच मारतात, कारण ती तपासणी मेंदूचीच होते. लळ्याची ही किंमत त्याने का मोजावी?

पुढचं आयुष्य: केंद्रात पिल्लं भावंडांसोबत, माणसांपासून लांब वाढतात आणि जंगलात सोडता येतात. घरचं पिल्लू वयात आलं की चावरं होतं, आणि माणसाला बुजतही नाही.

म्हणून सापडलेल्या पिल्लासाठी केंद्रच. ज्यांना खरोखर स्वतः सांभाळायचंय, त्यांनी रेबीजची लस घेऊन, असं काम करणाऱ्या परवानाधारक पुनर्वसकाच्या हाताखाली शिकावं.