जुनी गाडी, जुना बोजा: पुण्यात नेहमी होणारी फसवणूक

गाडी ताब्यात येते, पण नावावर होत नाही. जुन्या गाड्यांच्या धंद्यातली बहुतेक लबाडी या मधल्या दिवसांत होते.

समजा, कोथरूडचा मालक गाडी डीलरकडे सोडतो. गाडीवर २ लाखांचं कर्ज बाकी आहे. "लोन आम्ही बंद करतो," या शब्दावर तो मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करतो आणि चावी देऊन मोकळा होतो. हडपसरचा ग्राहक ती गाडी पसंत करतो. डीलरच त्याला फायनान्स करून देतो आणि कर्जाची रक्कम थेट डीलरच्या खात्यात जमा होते. डीलर ते पैसे पुढच्या गाडीत फिरवतो. जुनं कर्ज तसंच राहतं, आरसीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, जुन्या बँकेचाच, म्हणून संगम पुलाजवळच्या आरटीओत ट्रान्सफर अडते. ग्राहकाचे हप्ते मात्र सुरू झालेले असतात, आणि मूळ मालकाचे थकले की वसुलीवाले गाडी शोधत ग्राहकाच्याच दारात येतात.

खरं तर याला आळा घालणारा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्या डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र, म्हणजे फॉर्म २९-बी, असलं पाहिजे. त्याची मुदत ५ वर्षं. गाडी डीलरच्या ताब्यात गेली की मालक आणि डीलर यांनी फॉर्म २९-सी ऑनलाइन भरायचा. त्यानंतर डीलर 'मानीव मालक' ठरतो: गाडी, तिची कागदपत्रं आणि तिच्यामुळे घडणारं सगळं त्याच्या जबाबदारीवर. ग्राहकाला दाखवणं, दुरुस्ती, रंगकाम, पीयूसी अशा कामांपलीकडे तो ती रस्त्यावर आणू शकत नाही, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. फॉर्म २९-सीची पोच मिळाल्याशिवाय मालकाने चावी देऊ नये. ती पोच नसेल, तर आरसीवर ज्याचं नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते; हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. कोऱ्या सह्या तर कुणालाच देऊ नयेत.

घेणाऱ्याने टोकन देण्याआधी सरकारच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर बोजा आणि विमा पाहावा, आणि थकलेले ई-चलन वेगळे तपासावेत. बोजा असेल तर मालकाकडून बँकेचं फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र, मागावं आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरावी, डीलरच्या हातात नाही. मग बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येतात. एनओसीवर मुदत छापलेली असते, ती उलटली तर पुन्हा बँकेत खेटे. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा नावावर करायचा अर्ज द्यावा. थर्ड पार्टी कव्हर आपोआप पुढे जातं, पण हा अर्ज राहिला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

फायनान्सची दुसरी मेख म्हणजे 'फ्लॅट रेट': हप्ते फेडत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. ५ लाखांवर १० टक्के फ्लॅट, ५ वर्षं: हप्ता १२,५०० रुपये, परतफेड साडेसात लाख. घटत्या शिलकीवर हाच दर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं 'की फॅक्ट स्टेटमेंट' सहीआधी द्यायचं असतं. ते मागितल्यावर डीलरच्या टेबलावरचा माणूस टाळाटाळ करू लागला, तर उठून यावं.

फसल्यावर आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. डीलरविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जावं लागतं, आणि गाडीसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. यासाठी टोकनपासून सगळं यूपीआय किंवा चेकने दिलेलं असावं, आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहून घेतलेली असावी; चलन कुणाच्या माथी, हे पुढे त्यावरूनच ठरतं.