गेट की अमेरिकेचे अर्ज?

इंदूरच्या रामबागेत राहणारी माझी भाची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी की अमेरिकी विद्यापीठांकडे अर्ज करावेत, या विचाराने तिची झोप उडाली आहे.

खर्चाचा प्रश्न लवकर सुटतो. गेटचे शुल्क तुलनेने थोडे असते आणि आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्येक अर्जाचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही.

खरा फरक अनिश्चिततेच्या स्वरूपात आहे. गेटचा ताण फेब्रुवारीतल्या तीन तासांत एकवटतो, मार्चमध्ये गुण हाती येतात आणि ते तीन वर्षे ग्राह्य राहतात. अमेरिकेसाठी बहुधा डिसेंबरात अर्ज गेला, की एप्रिलपर्यंत उत्तर केव्हाही येते, नकाराचे कारण सहसा कळत नाही आणि शिफारसपत्रे दुसऱ्यांच्या हाती असतात, हे मला सर्वांत जाचक वाटते. मात्र तिथे एक दिवस बिघडल्याने सारे बिघडत नाही, कारण प्रकल्पांनाही वजन असते.

ज्यांना खर्च आणि निकाल यांचा आधी अंदाज हवा, त्यांना गेट सोयीची. ज्यांचे संशोधन गुणांपेक्षा बोलके आहे आणि ज्यांच्या घराला ही प्रतीक्षा परवडते, त्यांनी अमेरिकेचे अर्ज करावेत. भाचीला मी गेटच सुचवली आहे.