जुन्या पोर्टचं बूच: ड्युरँड, दोन पात्यांचं ओढणं आणि तापवायची सांडशी

1963, 1966 किंवा 1970 च्या व्हिंटेज पोर्टच्या दहा बाटल्या आणि चाखायला बारा माणसं. असा बेत जमवला की सगळ्यांचं लक्ष बाटल्या मिळवण्यावर असतं, आणि आयत्या वेळी घोळ होतो तो बुचांचा. म्हणून हे परीक्षण वाईनचं नाही, बूच काढायच्या साधनांचं आहे. (गोव्याहून येताना पिशवीत आणतात ती गोड 'पोर्ट वाईन' वेगळी. इथे विषय आहे तो पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातल्या, एकाच सालच्या द्राक्षांच्या, बाटलीत दशकानुदशकं मुरणाऱ्या पोर्टचा.)

साधं कॉर्कस्क्रू इथे का चालत नाही, ते आधी पाहू. ही वाईन लाकडी पिंपात जेमतेम दोन वर्षं राहते आणि न गाळताच बाटलीत भरली जाते. पुढची चाळीस-पन्नास वर्षं बाटली आडवी असल्यामुळे बुचाचा खालचा भाग भिजून मऊ पडतो आणि काचेला चिकटतो. त्यात जुन्या पोर्टच्या बाटलीचा गळा बहुधा आतून मध्यभागी किंचित फुगीर असतो. बूच त्या फुगवट्यात पसरून बसतं, वरचं तोंड मात्र अरुंद. स्क्रू घालून सरळ वर ओढलं की वरचा कोरडा तुकडा हातात येतो आणि खालचा लगदा आतच राहतो.

तळाशी साका बसलेला असल्यामुळे वाईन गाळायचीच असते, मग भुगा आत पडला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते ओळखीचं. जुन्या बाटल्यांवर पुष्कळदा लेबल नसतंच. असतो तो पांढऱ्या रंगाचा अर्धवट पुसलेला छाप किंवा फुटलेली लाख. घराण्याचं, म्हणजे पोर्ट बनवणाऱ्या कंपनीचं, नाव आणि साल डागलेलं असतं ते बुचावर. शिवाय 1970 च्या सालापर्यंत बरीचशी पोर्ट पिंपातून इंग्लंडला जाई आणि तिथले व्यापारी ती बाटलीत भरत. त्यामुळे एकाच घराण्याच्या एकाच सालाच्या दोन बाटल्या टेबलावर वेगळ्या लागू शकतात. बारा जण मन लावून चाखणार आणि समोर नेमकं काय आहे याचा पुरावा चुऱ्यात गेलेला, हे होऊ देऊ नये. बूच अखंड किंवा निदान वाचता येण्याजोगं बाहेर काढतं ते साधन चांगलं, हीच माझी कसोटी.

त्या कसोटीवर ड्युरँड पहिलं. शंभर डॉलरच्या वर किंमत, दोन सुटे भाग. एक स्क्रू, त्यावर आडवी पट्टी. दुसरा भाग दोन पातळ पात्यांचा, त्यातलं एक पातं थोडं लांब. स्क्रू बुचाच्या बरोबर मधोमध धरून, आडवी पट्टी बाटलीच्या तोंडावर टेकेपर्यंत फिरवायचा. मग लांब पातं आधी आणि आखूड नंतर, असं बूच आणि काच यांच्या फटीत सरकवायचं आणि मूठ डावी-उजवी डोलवत खाली न्यायची, स्क्रूच्या मुठीला भिडेपर्यंत. शेवटी दोन्ही मुठी एकत्र धरून हळू फिरवत वर घ्यायच्या. यातली किल्ली अशी की पाती खाली जाताना स्क्रू बुचाला धरून ठेवतो, आत जाऊ देत नाही. बुचाला एका बिंदूवर ओढ न बसता दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. घाई इथेच महागात पडते. एका बाटलीला चार-पाच मिनिटं धरा. पातं पुढे सरकेना तर जोर लावू नका. थोडं मागे घेऊन कोन बदला. नुसती पाती असलेलं स्वस्त ओढणं घट्ट बुचाला ठीक, पण सैल बूच ते बाटलीत ढकलतं.

ड्युरँडच्याही मर्यादा आहेत. पोर्टचं बूच टेबल वाईनच्या बुचापेक्षा लांब असतं, त्याच्या तळापर्यंत पाती पोचतीलच असं नाही. लगदा झालेला शेवटचा अर्धा सेंटीमीटर कधीकधी मागे राहतो. आणि तोंडावर लाखेचा थर असेल तर तो आधी पूर्ण काढावाच लागतो. सुरीच्या मागच्या बाजूने टिचकावून लाख सोलायची, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, मगच पाती घालायची. नाहीतर लाखेचे कण पात्यांबरोबर आत जातात.

1945 किंवा 1955 सारखी बाटली असेल, बूच वरूनच भुसभुशीत दिसत असेल, तर सांडशी. लांब दांड्यांची, टोकाला गळ्याभोवती बसणारं लोखंडी कडं. कडं गॅसच्या मोठ्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायचं आणि बुचाच्या तळाखाली, खांद्याच्या वर, गळ्याच्या सरळ भागावर पकडायचं. अर्धा ते एक मिनिट. सांडशी काढून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं त्याच रेषेवर गुंडाळायचं. बारीक 'टक्' आवाज येतो आणि गळा बुचासकट हातात येतो. तापून फुगलेली काच एका रेषेवर अचानक आकसते, म्हणून चीर त्या रेषेनेच जाते. काम फसतं ते तीन कारणांनी: कडं सगळीकडे सारखं लाल नसणं, गळ्याची काच ओली असणं, आणि वाईनची पातळी कड्याच्या रेषेपर्यंत असणं. वाईन आतून उष्णता ओढून घेते, मग काच अर्धवट तापते आणि चीर वाकडी जाते. तुटलेल्या गळ्यातून बूच मात्र शाबूत मिळतं. काच जाड फडक्यात गुंडाळून फोडायची आणि छाप वाचायचा. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. हॉटेलच्या बंद दालनात हे करू नका, धुराची घंटा वाजेल, अंगणात करा. पहिला प्रयोग रिकाम्या बाटलीवर, जुनं बूच परत ठोकून.

गाळायला चांदीची वाकड्या चोचीची नरसाळी सुंदर असतात. चोचीमुळे वाईन डिकँटरच्या, म्हणजे ती ओतून घ्यायच्या काचेच्या सुरईच्या, कडेने उतरते. पण साधं स्टीलचं नरसाळं आणि वर मलमल, काम तेच. नवी मलमल खळ घातलेली असते, तिचा वास वाईनला लागतो. साबण न लावता गरम पाण्यात दोनदा उकळून वाळवा. सांडशीने फोडलेल्या बाटलीसाठी कापड दुहेरी, काचेच्या कणांसाठी. कॉफीचा कागद नको, त्याची चव उतरते.

साका तळाशी बसावा म्हणून बाटली किमान दोन दिवस आधी उभी करा. प्रवासातून आली असेल तर आधी दोन-तीन आठवडे आडवी विसावू द्या. बाटलीवर पांढऱ्या रंगाचा फटकारा असेल (आडवी ठेवताना वरची बाजू कळावी म्हणून मारलेला) तर ती बाजू वर. ओतताना गळ्यामागे टॉर्च धरायचा, हात न थांबवता एका दमात ओतायचं, आणि काळा साका गळ्याशी आला की थांबायचं. 750 पैकी साधारण 60 मिलिलिटर मागे राहतं. बारा जणांना प्रत्येकी 50 दिल्यावर 90 उरतं, दुसऱ्या फेरीला पुरतं. दहा वाईन म्हणजे माणशी अर्धा लिटर, आणि अल्कोहोल सुमारे 20 टक्के, म्हणजे टेबल वाईनच्या एका अख्ख्या बाटलीहून किंचित जास्तच. थुंकायची भांडी आणि ब्रेड ठेवा, गाडी कुणीही आणू नये. पेले 120.

रिकामी बाटली पाण्याने धुऊन, पूर्ण निथळून, वाईन परत तीतच भरा आणि बूच दोऱ्याने गळ्याला बांधा. अदलाबदल टळते. 1955 च्या मागच्या सालांना एक-दोन तास हवा पुरे, साठ-सत्तरच्या दशकांना तीन-चार. उघडल्यावर येणारा कुबट वास बहुधा तासाभरात जातो. दमट गोणपाटाचा वास मात्र वाढतच जातो. ती बाटली बाजूला काढा, म्हणूनच एक जास्तीची हवी. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात फॅक्टरी हाउस ही ब्रिटिश पोर्ट व्यापाऱ्यांची जुनी वास्तू आहे, तिथे जेवण झालं की मंडळी पोर्टसाठी शेजारच्या दुसऱ्या भोजनदालनात जातात, जेवणाचा वास मध्ये येऊ नये म्हणून. आपल्या घरी फोडणीचा आणि उदबत्तीचा वास याच हिशोबात धरा.

एकच साधन घ्यायचं तर ड्युरँड घ्या. सांडशी वर्षाकाठी एखादा असा बेत करणाऱ्या गटाने वर्गणी काढून घ्यावी आणि ती तापवायची कुणी, हे आधीच ठरवावं. काम झाल्यावर ती दगडावर ठेवून पूर्ण निवू द्या. लाली गेली तरी कडं बराच वेळ हात भाजेल इतकं गरम असतं.