प्रोटीन-जी मॅग्नेटिक बीड्स: आठ महिने दुधात बुडवून झाल्यावर

या बीड्स म्हणजे चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या, प्रोटीन-जी हे प्रथिन बसवलेल्या अगदी बारीक गोळ्या; द्रावात मिसळून बाटलीत मिळतात. बाटली उघडल्याच्या दिवशी सगळंच छान वाटतं, म्हणून मुद्दाम आठ महिने थांबले. या काळात तीन बाटल्या संपल्या आणि एक माझ्या हातून वाया गेली.

आमचं काम दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मोजायचं. बुरशी लागलेली सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड गुरांच्या पोटात गेली की त्यातलं बी-१ हे विष यकृतात एम-१ होतं आणि दुधात उतरतं. आपल्याकडे मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात ०.०५. एवढंसं विष एचपीएलसीवर (द्रावातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नीट दिसायचं तर आधी दुधातून वेचून काढावं लागतं. त्यासाठी बीड्सवर अँटीबॉडी (नेमकं हेच विष पकडणारं प्रथिन) बसवायची, मलई काढलेल्या दुधात त्या फिरवायच्या, चुंबकानं ओढून धुवायच्या आणि मिथेनॉलनं विष सोडवून घ्यायचं. मिथेनॉल लागलं की अँटीबॉडी संपली, त्यामुळे बीड्स एकदाच वापरायच्या.

याआधी आम्ही कार्बोक्सिल बीड्स वापरायचो, म्हणजे पृष्ठभागावर प्रोटीन-जीऐवजी कार्बोक्सिल हे रासायनिक गट असलेल्या. ईडीसी-एनएचएस या रसायनांच्या जोडीनं पृष्ठभाग जागा करायचा आणि अँटीबॉडीतल्या लायसिन या अमिनो आम्लाला पक्क्या बंधानं जोडायचं. स्वस्त आणि कागदावर सुंदर. जोडणीनंतर उरलेल्या द्रावात प्रोटीन मोजलं तर जवळजवळ काहीच शिल्लक नसायचं, म्हणजे सगळं चिकटलं. आम्ही खूश! पण अशा बीड्स मुद्दाम विष घातलेल्या दुधात टाकल्या की हाती काही लागेना. पंधरा दिवस डोकं खाजवल्यावर अँटीबॉडीच्या माहितीपत्रकातली बारीक अक्षरातली ओळ दिसली: टिकावं म्हणून बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, घातलेलं होतं. आम्ही मोठ्या प्रेमानं अँटीबॉडीऐवजी तेच चिकटवत बसलो होतो. (ट्रिस बफरमधली, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या ट्रिसच्या द्रावातली अँटीबॉडी घेतली तरी असंच फसतं. ट्रिसला लायसिनसारखाच स्वतःचा अमाइन गट असतो, तो मधेच येऊन जागा अडवतो.)

बीएसए नसलेली अँटीबॉडी आणली, तरी पकड निम्मीच. कारण सरळ आहे. एका अँटीबॉडीत ऐंशीच्या आसपास लायसिन असतात, कुठला अडकेल ते आपल्या हातात नाही. कुणी पायावर उभी, कुणी आडवी, कुणी विष पकडायचे हातच पृष्ठभागात रुतवून बसलेली. प्रोटीनच्या मोजणीत या सगळ्या हजर. कामाला मात्र थोड्याच.

प्रोटीन-जीचा फायदा नेमका इथे. ते अँटीबॉडीला मुख्यतः बुडख्याकडून, एफसी भागाला धरतं, त्यामुळे हात मोकळे राहतात. आमची अँटीबॉडी उंदराची, आयजीजी-१ या प्रकारातली आहे, प्रोटीन-ए हे तसंच दुसरं प्रथिन तिला जेमतेम धरतं, म्हणून जी. मूळ प्रोटीन-जी अल्ब्युमिनलाही धरतं, पण हल्ली विकतात त्या बहुतेक पुनर्संयोजित (जनुकं बदलून बनवलेल्या) प्रकारांत तो तुकडा काढून टाकलेला असतो. तरीही लेबल वाचून घ्या. जोडणी अर्ध्या तासात, पीबीएस या साध्या खारट बफरमध्ये. पहिल्याच आठवड्यात तेवढ्याच अँटीबॉडीत विषाची पकड जवळजवळ दुप्पट झाली.

मग दोष कुठला? दूधच. दुधात गाईच्या स्वतःच्या अँटीबॉडीज असतात आणि प्रोटीन-जीला त्या आमच्या उंदराच्या अँटीबॉडीपेक्षा जास्त आवडतात. जोडणी पक्की नसल्यामुळे त्या आमच्या अँटीबॉडीला हलकेच बाजूला सारून जागा घेतात. बफरमध्ये उत्तम निकाल देणाऱ्या बीड्स खऱ्या दुधात ढेपाळल्या त्या यामुळे. विकणाऱ्यानं हे कुठेही लिहिलं नव्हतं, म्हणून एक तारा कापला.

उपाय म्हणजे आधी प्रोटीन-जीवर अँटीबॉडी सरळ उभी राहू द्यायची आणि मगच डीएमपी या जोडणाऱ्या रसायनानं पक्का टाका घालायचा. पीएच ८ च्या वर, अर्धा तास, नंतर इथेनॉलअमाइन घालून ही क्रिया थांबवायची. जास्त वेळ ठेवलं तर डीएमपी हातांवरचे लायसिनही शिवून टाकतं. मी एकदा जेवायला गेले आणि दीड तासानं परतले; ती बॅच नुसती पांढऱ्या कागदावर तपकिरी डाग पाडायच्या कामाची उरली. टाका घातल्यावर थोडी पकड कमी होते हे मान्य, पण उरलेली दुधातही टिकते. मला तो सौदा पटतो.

वापराच्या बारीकसारीक गोष्टी: बीड्स गोठवू नका. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाटली गोठते, माझी वाया गेलेली बाटली ती हीच. धुताना चुंबकावर कोरड्या पडू देऊ नका. वाळल्या की गुठळ्या होतात आणि प्रोटीनही बिघडतं. कार्बोक्सिल बीड्सच वापरत असाल तर ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. जुलैच्या हवेत आत ओल धरली की पुढच्या प्रत्येक बॅचला तुम्ही अँटीबॉडीला शिव्या देत बसाल.

आणि प्रत्येक नवी बाटली आली की आधी एका नमुन्यात माहीत असलेलं विष घालून किती परत मिळतं ते बघा. प्रोटीन किती चिकटलं हे मोजणं मी आता जवळजवळ सोडून दिलं आहे.

पाचपैकी चार. पुढची बाटली मागवली आहे, या वेळी लहान.