भटारखान्याची फरशी: कोटा, टाइल, इपॉक्सी की पीयू काँक्रीट?

हॉटेलच्या भटारखान्यातल्या फरशीला एकाच दिवसात बरंच काही सोसावं लागतं: कढईतून सांडलेलं तेल, उकळतं पाणी, चिंच-लिंबाचा आंबटपणा, साबणाचं तेलकट पाणी आणि ओढत नेलेला १९ किलोचा गॅस सिलिंडर. घरच्या ओट्याखाली जे २० वर्षं टिकतं, ते इथे २ वर्षांत उखडतं. बाजारात सहज मिळणारे चार पर्याय या कसोटीवर पाहू.

कोटा सगळ्यांच्या परिचयाचा. २० ते २५ मिमी जाड लादी सिमेंट-वाळूच्या भक्कम मसाल्यावर बसवली की सिलिंडर आपटला तरी तडा सहसा जात नाही आणि गरम तेलाचंही तिला काही वाटत नाही. पण कोटा हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिलं की पॉलिश खाल्लं जातं आणि पांढरट डाग पडतो. डाग काढायला कुणी ॲसिड ओतलं, तर दगडच फसफसून खरबरीत होतो आणि त्यात तेलाचा मळ मुरतो. पॉलिश केलेला कोटा तेलावर कमालीचा निसरडा होतो, रफ कोटा पाय धरतो पण घासून घासून हात दुखतात. कोठीघर आणि सिलिंडरची जागा यांसाठी आम्ही कोटा निःशंक सुचवू. भांडी घासायच्या मोरीजवळ मात्र नको.

चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल भटारखान्यात लावूच नये. घ्यायचीच तर ३०० × ३०० मिमीची, १२ मिमी जाड, खडबडीत टाइल घ्या, आणि दुकानदाराला घसरणरोधक दर्जा विचारा. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवून हा दर्जा ठरवतात. आर ९ पासून आर १३ पर्यंत तो चढत जातो. स्वयंपाकाला किमान आर ११, तळणाच्या आणि धुण्याच्या जागी आर १२. लहान टाइल घ्यायचं कारण साधं आहे: चारही बाजूंनी गटाराच्या जाळीकडे उतार द्यायचा, तर ६०० मिमीची टाइल वळत नाही, एक कोपरा वर राहतो आणि त्याला ठेच लागते.

टाइलची खरी दुखरी जागा म्हणजे दरजा, दोन टाइलमधल्या फटी. साधं सिमेंट भरलं तर आंबट पाणी आणि साबण ते पोखरतात. मग पाणी खाली शिरतं, आणि टाइलवर पाय दिला की कडेने काळं पाणी बुडबुडत वर येतं, कुबट वास सुटतो. एवढं झालं की वरून कितीही दरजा भरल्या तरी उपयोग नाही, तो भाग काढावाच लागतो. म्हणून किमान ३ मिमी दरज ठेवून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे इपॉक्सी नावाच्या रेझिनचं भरण, भरा. मसाला टाइलच्या पूर्ण पाठीला लावला पाहिजे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून बसवलेली टाइल आतून पोकळ राहते.

पातळ इपॉक्सी कोटिंग दिसायला सुंदर. पण साधी इपॉक्सी ६०–७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि भाताचं उकळतं पाणी त्याहून बरंच गरम. फुगे येतात, मग पापुद्रे सुटतात. भटारखान्याला ती नाहीच.

पीयू काँक्रीट, म्हणजे पॉलियुरेथेन रेझिन मिसळलेलं सिमेंटचं मिश्रण, महाग पडतं, पण मोठ्या मेसला किंवा केटरिंगच्या भटारखान्याला तेच घ्यावं. सलग थर असल्याने दरजाच नाहीत, आणि गरम-गार होताना ते जवळपास खालच्या काँक्रीटइतकंच पसरतं-आकसतं, त्यामुळे सुटत नाही. ६ मिमी थरावर समाधान मानू नका. जिथे उकळतं पाणी ओतलं जातं तिथे ९ मिमी हवं. भिंतीलगत आणि गटाराच्या कडेला थराच्या दुप्पट खोल व रुंद चर कापून त्यात ते अडकवतात, म्हणजे ९ मिमीला १८ मिमी. हा चर वगळला की कडा पहिल्यांदा उचलल्या जातात. जुन्या टाइलवरच ओतून देतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका, टाइल सुटली की वरचा थरही सुटणार. हलके रंग पिवळे पडतात, राखाडी किंवा विटकरी घ्या.

काहीही घ्या, उतार चुकला तर सगळं वाया. मीटरला १० ते १२ मिमी पुरेसा. त्याहून फार जास्त दिला तर ट्रॉली आपोआप सरकते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत पाणी स्वयंपाकाच्या क्रमाच्या उलट दिशेने वाहावं असं आहे. म्हणजे भांडी धुतल्याचं पाणी वाढपाच्या टेबलाखालून जाता कामा नये. एका नहाणी ट्रॅपवर भागत नाही. मोरीसमोर उचलता येणाऱ्या स्टीलच्या जाळीचं लांब गटार करा, आणि भिंतीच्या पायथ्याला काटकोन न ठेवता गोलाई द्या.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी दोन बादल्या पाणी ओता आणि १५ मिनिटांनी बघा. कुठे डबकं राहिलं तिथे खडूने खूण करा. मग लाकडी दांड्याने एकेक टाइल ठोका, पोकळ आवाज येईल तिथेही खूण. खुणा असलेल्या टाइल त्याच्याकडूनच काढून पुन्हा बसवून घ्या, कारण शेगड्या आणि ओटे बसले की तिथे हात पोचत नाही.