अमेरिकेतली कंपनी बंद करून देणारी ऑनलाइन सेवा: आठ महिन्यांनंतर

सुरुवातीला या सेवेला मी चार तारे दिले होते. आज दोनवर आणतोय. कारण एकच, कॅलिफोर्निया.

ऑफिस अंधेरीत, त्याखाली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नोंदलेली सी-कॉर्प (नेहमीची शेअर्सवाली कंपनी), आणि क्लायंट तिकडचा म्हणून कॅलिफोर्नियातही 'फॉरेन कॉर्पोरेशन', म्हणजे बाहेरच्या राज्यातली कंपनी, म्हणून नोंद. काम थांबलं तसं गाशा गुंडाळायचं ठरवलं. परताव्याचं बोलणं चालू असल्यामुळे सेवेचं नाव लिहीत नाही.

चार तारे उगाच दिले नव्हते. डेलावेअरच्या फ्रँचायझी टॅक्सचा (कंपनी तिथे नोंदलेली आहे म्हणून दरवर्षी लागणारा कर) आकडा आला 85,165 डॉलर. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सपोर्टवरच्या मुलीने सांगितलं, "सर, हा हिशोब तुमच्या 1 कोटी अधिकृत शेअर्सवर धरलाय, दुसऱ्या पद्धतीने काढू." टॅक्स निघाला 400 डॉलर, वर वार्षिक रिपोर्टचे 50. थकबाकी भरल्याशिवाय डेलावेअर विसर्जन नोंदवून घेत नाही, तेही झालं. कंपनी बंद करतोय हे अमेरिकेच्या कर खात्याला कळवणारा 966 नंबरचा फॉर्म ठरावापासून 30 दिवसांच्या आत गेला. त्या मुलीचे आभार आजही मानतो.

मग दादरला गाडीची वाट बघत असताना फोनवर स्कॅन केलेलं पत्र आलं: कॅलिफोर्नियाचा किमान टॅक्स, 800 डॉलर. डेलावेअरमध्ये कंपनी विसर्जित झाली म्हणून तिथली नोंद आपोआप जात नाही. शेवटचं रिटर्न 'शेवटचं' म्हणून वेळेत भरायचं आणि त्यापासून 12 महिन्यांत 'सर्टिफिकेट ऑफ सरेंडर' (तिथली नोंद सोडत असल्याचा कागद) द्यायचं, तरच हा टॅक्स थांबतो. सरेंडरला फी शून्य. फुकटात जाणारा कागद कोणी पाठवला नाही, आणि माझे साठ-सत्तर हजार रुपये गेले!

पहिल्याच दिवशी त्यांच्या फॉर्ममध्ये 'इतर राज्यांतली नोंदणी' या रकान्यात मी कॅलिफोर्निया लिहिलं होतं. स्क्रीनशॉट आहे. उत्तर आलं, "तुमचं पॅकेज एका राज्याचं आहे." मग तो रकाना ठेवलाय कशाला? कोणी करणार असाल तर आधी बाहेरच्या राज्यांतली सरेंडर लावा, डेलावेअर सगळ्यात शेवटी.

इकडची बाजू पॅकेजमध्ये नव्हती आणि तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. उरलेले पैसे 90 दिवसांत भारतात आणणं, ते आल्यावर 30 दिवसांत बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीची माहिती रिझर्व्ह बँकेला देणारा), हे आमच्या सीएने बघितलं.

सरेंडर शेवटी मीच एका संध्याकाळी बसून भरलं. 800 डॉलरच्या परताव्याचं तिकीट उघडून 41 दिवस झालेत. उत्तर आलं की इथेच खाली लिहितो.